लघुग्रहाचं पिधान हुकतं कशामुळे? या चुका टाळा

लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो, तारा दोन-तीन सेकंद विझतो आणि परत दिसतो, यालाच पिधान म्हणतात. एवढ्यासाठी आम्ही नागपूरकर मध्यरात्री शेताच्या धुऱ्यावर दुर्बीण लावून बसतो. हुकलं की सगळे ढगांवर खापर फोडतात, पण बहुतेक वेळा घोळ घरीच झालेला असतो.

माझी सगळ्यात नावडती चूक तारखेची. भाकीत यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत येतं. साडेपाच तास मिळवा म्हटलं की पोट्टे तास मिळवतात आणि तारीख तशीच ठेवतात. कुणाला हसत नाही, मीही हेच करून बसलोय. भाकीत होतं १४ तारीख, २०:१५ यूटी. मी वहीत लिहिलं, '१४ तारीख, रात्री १:४५'. म्हणून १३ च्या रात्री आम्ही चौघं उमरेड रोडला. थंडी अशी की फोकसचं चाक बोटांना कळेना. १:४५ झाले, १:५० झाले. "काका, तारा काऊन नाही विझत?" मी ऐटीत सांगितलं, सावली सरकली असेल, न दिसणं हीसुद्धा नोंदच असते. सकाळी तर्री-पोहे खाऊन मंडळी खूश. १५ ला सकाळी अहवाल लिहायला भाकिताचा कागद आणि व्हिडिओवरची जीपीएस वेळ शेजारी ठेवली, तेव्हा ट्यूब पेटली. तारा विझला होता तो १५ च्या १:४५ ला, मी गोधडीत घोरत असताना. आता वहीत एकच तारीख कधी लिहीत नाही. '१४ आणि १५ मधली रात्र' असं लिहितो, वारही टाकतो.

दुसरी चूक, लघुग्रहाची सावली जमिनीवर ज्या पट्ट्यातून जाते, त्याची नकाशावरची मध्यरेषा म्हणजे दगडावरची रेघ समजणं. तारा इतका दूर असतो की सावलीचा पट्टा साधारण लघुग्रहाच्याच रुंदीचा पडतो. लघुग्रह २० किलोमीटरचा आणि पृथ्वीपासून २ खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट) असेल, तर त्याच्या किंवा ताऱ्याच्या जागेत १० मिली-आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, मिली म्हणजे त्याचाही हजारावा) चूक म्हणजे सावली साडेचौदा किलोमीटर सरकली. मध्यरेषेवर बसलेला माणूस पट्ट्याबाहेर! महिनाभरापूर्वीचा स्क्रीनशॉट घेऊन निघणाऱ्यांना म्हणून मी गाडीत घेत नाही. ऑकल्टवॉचर या पिधानांची भाकितं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आदल्या संध्याकाळी परत बघायचं, आणि रेषेआधी अनिश्चिततेचा आकडा वाचायचा. तो पट्ट्याच्या रुंदीएवढा असेल तर सगळ्यांनी रामटेकला शेजारी-शेजारी दुर्बिणी लावून काय मिळणार? पट्टा पूर्व-पश्चिम असेल तर एकानं रामटेकला राहावं, एकानं शहरात, एकानं बुटीबोरीकडे जावं. पट्ट्याला आडवं पसरलं तरच लघुग्रहाचा आकार हाती लागतो. पण सगळ्यांना मध्यरेषाच हवी, तिथे फोटो छान येतात ना!

जागेचे आकडे भरतानाचा घोळही नेहमीचा. नागपूरचे अक्षांश २१ अंश ९ मिनिटं, म्हणजे २१.१५. कुणीतरी २१.०९ भरतं आणि ठिकाण पावणेसात किलोमीटर दक्षिणेला जातं. मी फोनमधून दशांशातलाच आकडा उचलतो.

स्वतः गणित करणाऱ्यांनी गाया या अंतराळ दुर्बिणीनं केलेल्या ताऱ्यांच्या यादीतली ताऱ्याची जागा जशीच्या तशी वापरू नये. यादीच्या तिसऱ्या प्रकाशनातली जागा २०१६ सालची आहे. वर्षाला २० मिली-आर्कसेकंद सरकणारा तारा दहा वर्षांत २०० सरकतो, म्हणजे वरच्याच लघुग्रहासाठी सावली २९० किलोमीटर इकडची तिकडे.

बाकीच्या किरकोळ. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका मंद. लघुग्रह ११ व्या प्रतीचा आणि तारा १३ व्या, तर प्रकाश जेमतेम ०.१६ प्रतीनं घटतो. डोळ्यांना कळणार नाही, कॅमेरा न्या. तारा क्षितिजापासून १५ अंशांपेक्षा कमी उंचीवर असेल तर मी जातच नाही. आणि घटनेच्या आधी दहा मिनिटं पोहोचून तारा शोधू म्हणणाऱ्यांनी घरीच झोपावं. मी आदल्या रात्री त्याच वेळेच्या चार मिनिटं नंतर गच्चीवरून दुर्बीण लावतो. तारा त्याच जागी असतो, आणि आजूबाजूचे तारे वहीत काढून ठेवतो.