संक्रांतीला एनबीए संघाचा अर्धा हंगाम कसा तपासावा

संक्रांतीच्या आसपास एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, निम्मा हंगाम सरतो. 82 पैकी चाळीसेक मॅचेस झालेल्या असतात. पहाटे सहाला रजईत बसून मोबाईलवर मॅच बघणारे आम्ही नागपूरकर तेव्हा कोणता संघ शेवटी किती मॅचेस जिंकेल याचा अंदाज बांधायला लागतो. शिवाजीनगरच्या कोर्टवर दर जानेवारीला एकच सल्ला ऐकू येतो, "जिंकलेल्या मॅचेस दुप्पट कर, झालं न भाऊ!" हा सल्ला चुकीचा आहे आणि तो ऐकून मी बरीच वर्षं चुकीचे अंदाज केले. पुढची पद्धत मी दर हंगामात वापरतो.

संघाची एकूण आकडेवारी आणि सगळ्या मॅचेसचे निकाल समोर घ्या. एनबीएच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात.

आधी संघाने दर मॅचला सरासरी किती पॉइंट केले आणि किती दिले, यातला फरक काढा. या फरकाला 2.7 ने गुणा आणि त्यात 41 मिळवा. जो आकडा येईल, साधारण तितके विजय त्या दर्जाच्या संघाला 82 मॅचेसमध्ये मिळायला हवेत. फरक अधिक 4 असेल तर 52. प्रत्यक्षातले विजय यापेक्षा बरेच जास्त असतील तर संघाने अटीतटीच्या मॅचेस जास्त जिंकलेल्या असतात. 3 किंवा त्याहून कमी पॉइंटने सुटलेल्या मॅचेस वेगळ्या मोजा. त्यात 9-2 (9 विजय, 2 पराभव) असलेला संघ पुढेही 9-2 राहील असं धरू नका, निम्म्या-निम्म्या धरा. "त्यांना शेवटी कसं जिंकायचं ते माहीत आहे" हे वाक्य मी आता ऐकूनही घेत नाही. 2022-23 मध्ये मिलवॉकीने 58 मॅचेस जिंकल्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण त्यांचा सरासरी फरक साडेतीन पॉइंटच्या जवळपास होता, म्हणजे 51 विजयांच्या दर्जाचा. 51 विजयांवर थांबलेल्या क्लीव्हलंडचा फरक त्यांच्याहून मोठा होता. मिलवॉकी प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत मायामीकडून 4-1 ने हरलं. त्यांचा मुख्य खेळाडू यानिस त्या मालिकेत जखमी झाला होता हे खरं, पण संघ 58 च्या तोलाचा नाही हे फरक आधीपासून सांगत होता.

दोन संघांची तुलना करायची असेल तर दर मॅचचे पॉइंट सोडा आणि 100 पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात असतानाची एक पाळी) मोजा, कारण काही संघ धावत खेळतात, काही रेंगाळत. मारलेल्या शॉट्समधून स्वतःचे आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) वजा करा, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू) मिळवा, फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉट्सचे) 0.44 पट मिळवा. 88 शॉट, 10 रिबाउंड, 14 टर्नओव्हर, 22 फ्री थ्रो म्हणजे जवळपास 102 पझेशन. एवढंच.

आता खरी अडचण. इथे मी सगळ्यात जास्त अडलो, म्हणून इथे सावकाश वाचा.

काही वर्षांपूर्वी एका संघाचा बचाव मला अभेद्य वाटला होता. प्रतिस्पर्धी त्यांच्याविरुद्ध थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, मारायचे आणि ते पडायचेच नाहीत. हा संघ अंतिम फेरीत जाणार असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगितलं. फेब्रुवारीनंतर तेच प्रतिस्पर्धी तेच शॉट तिथूनच मारू लागले आणि ते पडू लागले. बचावात काहीही बदललं नव्हतं. सुरुवातीला ते पडत नव्हते यात नशिबाचा मोठा वाटा होता, आणि मी त्याला कौशल्य समजून बसलो होतो.

हे मला पटलं ते आमच्याच कोर्टवर. एक मुलगा रोज सकाळी मोकळ्यात 100 थ्री मारायचा आणि मी वहीत नोंद करायचो. एका दिवशी 31, दुसऱ्या दिवशी 46. तोच मुलगा, तीच रिंग, समोर कोणी नाही. मोठ्या पातळीवरही हेच दिसतं. 2021-22 मध्ये थ्रीच्या टक्केवारीत मायामी लीगमध्ये पहिला होता, जवळपास 38 टक्के. पुढच्या हंगामात बरेचसे तेच खेळाडू असताना ते साडेचौतीसवर आले. सबंध 82 मॅचेसमध्ये एवढं डोलतं, तर 41 मॅचेसच्या टक्केवारीवर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून प्रतिस्पर्ध्यांची थ्रीची टक्केवारी बघा आणि ती लीगच्या सरासरीकडे ओढा. अलीकडे ती सरासरी 36 च्या आसपास असते. समजा संघ 26-15 आहे आणि फरक अधिक 2. प्रतिस्पर्धी दर मॅचला 35 थ्री मारतात आणि 34 टक्केच पडतात. 2 टक्के म्हणजे 0.7 शॉट, म्हणजे 2.1 पॉइंट. चुकलेल्या शॉटचा रिबाउंड कधी कधी मारणाऱ्यालाच मिळतो, शिवाय थोडं श्रेय बचावालाही द्यावं लागतं. म्हणून मी पूर्ण 2.1 न घेता दोन तृतीयांश, म्हणजे 1.4 वजा करतो. उरतो फरक 0.6. हा 43 विजयांचा दर्जा झाला.

इथेच दुसरी चूक होते. लोक म्हणतात, "मग हा संघ 43 वर थांबेल." नाही! 26 विजय आधीच खात्यात आहेत, ते कोणी काढून घेत नाही. नवा दर फक्त उरलेल्या 41 मॅचेसना लावा. 43 चे निम्मे, म्हणजे साडेएकवीस येतात. एकूण 47 किंवा 48. दुप्पट करणाऱ्याने 52 सांगितले असते.

मग बचावाच्या हातात काय असतं? प्रतिस्पर्ध्याला किती थ्री मारू दिले, ही संख्या. त्यातही कोपऱ्यातले किती, हे नक्की बघा. तिथून रिंग 22 फुटांवर असते आणि समोरून 23 फूट 9 इंचांवर, म्हणून कोपरा मोकळा सोडणारा बचाव मी कधीच चांगला म्हणत नाही. रिंगखाली किती शॉट होऊ दिले आणि त्यातले किती पडले, हे आकडे मी नशिबावर ढकलत नाही. उंच सेंटर असला-नसला की ते खरोखर बदलतात. संघाच्या स्वतःच्या थ्रीसाठी प्रत्येक खेळाडूची कारकिर्दीतली टक्केवारी बघा. आयुष्यभर 34 ने मारणारा जानेवारीत 43 वर असेल तर त्याला मार्चमध्ये 43 देऊ नका.

वेळापत्रक तपासायला दोन मिनिटं लागतात. घरच्या 41 मॅचेसपैकी किती उरल्या ते मोजा. घरी खेळण्याचा फायदा दोन-अडीच पॉइंटचा धरा.

शेवटी दुखापती. मुख्य पाच जण एकत्र किती मॅचेस खेळले ते लिहून काढा. 2021-22 चा बॉस्टन जानेवारीच्या शेवटी 25-25 होता आणि सगळे त्याला मोडीत काढत होते. पॉइंटचा सरासरी फरक मात्र तेव्हाही शून्याच्या वरच होता. फेब्रुवारीत दुसऱ्या संघातून डेरिक व्हाइट हा खेळाडू आला, उरलेल्या 32 पैकी 26 मॅचेस त्यांनी जिंकल्या आणि संघ अंतिम फेरीत पोचला. फेब्रुवारीत खेळाडूंची अदलाबदल बंद होते, तोवर अंदाज पेन्सिलने लिहा. नंतर एकदा आकडेमोड करा आणि तो आकडा शेजारच्या संघांच्या बाजूला ठेवा. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांतले पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात, सातवा ते दहावा उरलेल्या जागांसाठी प्ले-इन खेळतात. त्यामुळे सहाव्या आणि सातव्यात दोन विजयांचा फरक निघाला तर दोघांच्याही उरलेल्या मॅचेस एक-एक करून बघा.