गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना ‘आहे’ की ‘होते’?

श्रद्धांजली असो की गावाची स्मरणिका, प्रत्येक वाक्याला आधी एक प्रश्न विचारा: ही गोष्ट माणसासोबत संपली, की अजून चालू आहे?

संपलेल्या घटनेला साधा भूतकाळ: ‘स्वामी रामानंद तीर्थ १९७२ मध्ये निवर्तले.’ जे टिकून आहे त्याला वर्तमानकाळ: ‘नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.’

रोजच्या सवयीला रीतिभूतकाळ वापरा: ‘नाना पहाटे मोसंबीला पाणी देत.’ इथे ‘दिले’ लिहिलं तर ते एकाच दिवसाचं काम होतं. ‘देत होते’ लिहिलं, तर तेवढ्यात काय घडलं याची वाचक वाट पाहतो.

खरा घोटाळा नात्यांत होतो. ‘त्यांना दोन मुली होत्या’ वाचून मुलीही गेल्या असं वाटतं आणि घरच्यांच्या जिव्हारी लागतं. मुली हयात असतील तर ‘त्यांच्या मागे दोन मुली आहेत’ लिहा. आधीच वारलेल्या पत्नीचं नाव या ओळीत घालू नका.

संतवचनाला वर्तमानकाळच शोभतो: ‘एकनाथ महाराज म्हणतात’, पण ‘ते पैठणला राहत’.

लेकीने ‘आई फार मायाळू आहे’ असं लिहून दिलं, तर परस्पर ‘होती’ करू नका, तिला विचारा.