मुलांच्या प्रश्नांवर प्रकाशित आकडेवारी कशी वापरावी

पुण्यात मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्था निवेदनात बहुधा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा एखादा आकडा देतात, कारण तो अधिकृत असतो आणि मोफत मिळतो. मात्र अहवाल उघडण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘कुपोषण किती आहे’ हा प्रश्न फार मोघम झाला. ‘पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतील दोन वर्षांखालील किती मुले लुकडी आहेत आणि पावसाळ्यात त्यांची संख्या वाढते का’ असे विचारले की कोणते तक्ते पाहायचे, हे बरेचसे ठरते.

निर्देशक नीट वाचावा. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपणा. तो दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणातून येतो. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे लुकडेपणा. त्यामागे बहुधा अलीकडची उपासमार किंवा आजारपण असते. 2019-21 च्या पाहणीत पाच वर्षांखालील मुलांमधील खुजेपणा देशात 35.5 टक्के आणि महाराष्ट्रात 35.2 टक्के होता, म्हणजे जवळपास सारखाच. लुकडेपणा मात्र देशात 19.3 आणि महाराष्ट्रात 25.6 टक्के होता. निवेदनात नुसते ‘कुपोषण’ लिहिले तर हा फरक, म्हणजे आपला सर्वांत भक्कम मुद्दा, हातचा जातो.

त्यानंतर तारीख आणि नमुना तपासावा. शीर्षकात 2019-21 असले तरी महाराष्ट्रातील घरभेटी कोविडच्या टाळेबंदीपूर्वीच आटोपल्या होत्या. टाळेबंदीचा परिणाम दाखवण्यासाठी हे आकडे वापरणे सरळसरळ चूक ठरेल. देशभरातील 707 जिल्ह्यांत मिळून सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबे पाहिली गेली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900. एवढ्या नमुन्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो; पर्वतीच्या पायथ्याची एखादी वस्ती त्यात दिसणार नाही.

वस्तीसाठी अंगणवाडीच्या मासिक वजन-उंचीच्या नोंदी पाहाव्यात. सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) बालकांची संख्या बालविकास प्रकल्प कार्यालयात मागावी. टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. या नोंदींत फक्त नोंदणी झालेली मुले असतात, आणि कामासाठी सतत जागा बदलणाऱ्या बांधकाम मजुरांची मुले नेमकी तिथेच सुटतात. म्हणून पाहणीची टक्केवारी आणि अंगणवाडीची टक्केवारी एकमेकींशी ताडून ‘घट झाली’ असा निष्कर्ष काढू नये.

उपाय सुचवताना संशोधनाचा आधार घ्यावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींत आली आणि इतर देशांतही तिचे प्रयोग झाले. असा निबंध वाचताना सारांशावर न थांबता तुलनेचा गट कोणता होता आणि देखरेख कोण करत होते, हे पाहावे. आपल्याकडे तेवढी देखरेख नसेल तर तेवढ्याच परिणामाचे आश्वासन देऊ नये.

इतर देशांशी तुलना करायची असल्यास युनिसेफच्या बहुनिर्देशक पाहण्या उपयोगी पडतात, कारण तिथेही वाढ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांवरच मोजली जाते.

निवेदन एका पानाचे असावे: एक प्रश्न, दोन-तीन आकडे, प्रत्येकापुढे वर्ष आणि वयोगट, आणि शेवटी नेमकी मागणी. जोडपत्रात मुलांची नावे वा पत्ते नसावेत. चार-पाच मुलांच्या गल्लीचा वेगळा आकडाही ओळख उघडी करतो, म्हणून तो शेजारच्या गल्ल्यांत मिळवूनच द्यावा.