दप्तराला डोनर मिळतो, अकाउंटंटच्या पगाराला नाही: एनजीओतलं फंडरेझिंग

फंडरेझिंग मॅनेजर, म्हणजे संस्थेसाठी देणग्या उभ्या करणारा माणूस, म्हटलं की लोकांना वाटतं बोलता आलं, इंग्रजी बरं असलं आणि चार मोठे लोक ओळखीचे असले की झालं. मी बँकेच्या सेल्समधून इकडे आलो, पुण्यातल्या एका शिक्षणाच्या संस्थेत, आता बरीच वर्षं हेच करतोय. बोलणं जमतं हो हळूहळू, पण कुठला पैसा कशावर खर्च करता येतो हे ज्याला कळत नाही त्याचं इथे काही खरं नाही.

म्हणजे बघा, दप्तरं, वह्या, सायकली यांना डोनर पटकन मिळतो, फोटो निघतो ना. पण मुलांना शिकवणाऱ्या ताईंचा पगार, ऑफिसचं भाडं, अकाउंटंट, ऑडिट फी, हे कोणालाच नको असतं. "आमचा पैसा थेट मुलांपर्यंत गेला पाहिजे" हे तर रोजचंच. अहो पण तो नेऊन पोचवणार कोण, त्याला पण जेवायला लागतं की. तुमचं अर्धं डोकं या न दिसणाऱ्या खर्चाच्या मागे जाणार हे धरूनच चाला.

नवीन माणसाला बहुतेक ठिकाणी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर कायद्याने करावा लागणाऱ्या खर्चाच्या, मागे लावतात, म्हणून ते आधी. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावे लागतात. तुमच्या संस्थेकडे सीएसआर-१ चा, म्हणजे असा पैसा घ्यायच्या सरकारी नोंदणीचा, नंबर नसेल तर मीटिंगमध्ये चहा मिळेल, चेक नाही. आता खरी गोची ऐका. नियमांत ॲडमिन खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि कंपनीतली मंडळी ती सरळ तुमच्या बजेटला लावतात, शिक्षिकांचे पगारसुद्धा ॲडमिनमध्ये ढकलतात. मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर, प्रोजेक्ट राबवायचा आणि देखरेखीचा थेट खर्च त्यात धरतच नाहीत, २०२१ च्या सुधारित नियमांत व्याख्येतच लिहिलंय. ते पान प्रिंट काढून फाईलला लावा, भांडायचं नाही, शांतपणे पुढे सरकवायचं. आणि बजेटमध्ये नुसतं "सॅलरी" लिहून एक मोठा आकडा टाकू नका, "१२ शाळा, ४ शिक्षिका, दरमहा इतके" असं लिहा, मग तो खर्च प्रोजेक्टचा दिसतो, कारण तो असतोच प्रोजेक्टचा.

वेळेचं पण गणित आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक फोन येतात, पैसे उरलेत, ३१ मार्चच्या आत खर्च करून यूसी (पैसे खर्च झाल्याचं प्रमाणपत्र) द्या. हो म्हणण्याआधी फील्डवरच्या लोकांना विचारा, कारण धावपळ त्यांची होणार आणि शाळांच्या परीक्षा पण तेव्हाच तोंडावर असतात. पुढच्या वर्षाच्या प्रपोजलचं बोलणं मात्र याच दिवसांत सुरू करून ठेवायचं.

परदेशी पैशाचं थोडक्यात सांगतो, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन नसेल तर तो विषयच सोडा, मामा अमेरिकन नागरिक झाला असेल तर त्याचे शंभर डॉलरसुद्धा घेता येत नाहीत. रजिस्ट्रेशन असेल तर पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ॲडमिन खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आलीय.

मोकळा पैसा कुठून येतो माहितीये? साध्या माणसांकडून. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, आईच्या स्मृतीला दरवर्षी पाच हजार देणारे काका. त्यांना रिपोर्टचा फॉरमॅट नको असतो, फोन हवा असतो, आणि त्यांच्या पैशातून भाडं भरलं तरी चालतं, फक्त तसं सांगून घ्यायचं. लोकसत्ताच्या "सर्वकार्येषु सर्वदा" या उपक्रमात संस्थेची ओळख छापून येते तेव्हा गणेशोत्सवात कुठून कुठून चेक येतात बघा, हजार-पाचशेचे पण. अशा प्रत्येकाला पावती आणि सहीचं पत्र वेळेत गेलं तर त्यातले बरेच पुढच्या वर्षी पुन्हा देतात.

८०जी, म्हणजे देणगीवर मिळणारी इन्कम टॅक्सची सूट, नीट समजावता आलं पाहिजे. १०,००० दिले की टॅक्स ५,००० ने कमी होतो असं लोक समजतात, तसं नाही, साधारण निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, म्हणजे ३० टक्के स्लॅबवाल्याचे दीडेक हजार वाचतात. नवीन टॅक्स रिजीममध्ये तेही नाही. २,००० च्या वर कॅश घेतली तर सूट नाही. आणि ३१ मेच्या आत फॉर्म १०बीडी (देणगीदारांची माहिती इन्कम टॅक्सला द्यायचा फॉर्म) भरला नाही तर सर्टिफिकेटं अडकतात, मग जूनभर तुमचा फोन थांबत नाही, म्हणून पॅन नंबर पैसे आले त्याच दिवशी घ्या.

इंटरव्ह्यूला गेलात तर तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा, एकाच डोनरवर सगळं चाललंय का ते लगेच दिसतं. आणलेल्या पैशावर टक्केवारी देतो म्हणाले तर नको म्हणा, डोनरला ते कळलं की नातं संपलं. आणि विश्वस्त स्वतः किती डोनरांना भेटतात तेही विचारा. "आता ते सगळं तुम्हीच बघायचं" असं उत्तर आलं तर पगार चांगला असला तरी दोनदा विचार करा, कारण मोठा डोनर मॅनेजरला भेटून खूश होतो पण चेकवर सही करण्याआधी त्याला संस्था चालवणारा माणूसच समोर हवा असतो.