इन्स्टॉल कुठे अडकतंय ते आधी बघा

विंडोज किंवा लिनक्स टाकताना मधेच एरर आला की बहुतेक जण काय करतात, तर आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) परत डाउनलोड, परत पेनड्राइव्ह बनवा, परत तेच, आणि अख्खा रविवार गेला. त्यापेक्षा थांबलं कुठे ते कागदावर लिहून ठेवा. परत चालवा, परत लिहा. दोन्ही वेळा त्याच टक्क्यावर अडकलं तर संशय पेनड्राइव्हवर नाहीतर डिस्कवर. दर वेळी वेगळीकडेच, कधी १२ ला कधी ७० ला, कधी निळा स्क्रीन तर कधी नुसतंच रीस्टार्ट, असं असेल तर रॅम, गरम होणं किंवा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). हे दर वेळी खरं ठरेलच असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं. एरर कोडवर फार विसंबू नका. ८००७०५७० वाला कोड फाइल खराब आहे एवढंच सांगतो, ती पेनड्राइव्हवर खराब झाली, रॅममधून जाताना की डिस्कवर लिहिताना, हे त्याला तरी कुठे माहीत.

पेनड्राइव्हचं लवकर उरकतं. आयएसओचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा कोड, साइटवरच्या कोडशी जुळवा, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला न लावता मागे थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, पुढचे पोर्ट आतल्या केबलवरून येतात आणि ती केबल कधी कधी ढिली असते. स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हा खरी जागा तपासणारा प्रोग्रॅम चालवून बघा, वर ६४ जीबी छापलेलं आणि आत ८ च निघणारा माल बाजारात भरपूर आहे.

आता रॅम, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. जुनं विंडोज चालत होतं म्हणजे रॅम ठीक, असं नसतं हो. इन्स्टॉलर एवढ्या फाइल उलगडतो की रॅमच्या ज्या कोपऱ्याला एरवी हात लागत नाही तिथेही डेटा जातो. आधी पॉवरची वायर काढा, रॅमची पट्टी बाहेर काढून सोनेरी काँटॅक्ट पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका, क्लिप टक्क वाजेपर्यंत बसवा. अर्ध्या केसेस इथेच मिटतात असं माझं मत. नाही मिटलं तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायची सेटिंग, बंद करा आणि मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पूर्ण पास होईपर्यंत चालवा, शक्यतो रात्रभर. एक जरी लाल एरर आला तरी चालवून घेऊ नका. मग एकेक पट्टी वेगळी लावून बघा. एरर पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिला तर बोर्ड, आणि मग खर्च आलाच.

डिस्क दिसतच नसेल तर दोन वेगळ्या गोष्टी. बायोसमध्येही नाही दिसत तर केबल किंवा डिस्क. बायोसमध्ये दिसते पण विंडोज म्हणतंय ड्राइव्ह नाही, आणि लॅपटॉप इंटेल ११ व्या जनरेशनचा किंवा नंतरचा आहे, तर डिस्क बहुतेक ठणठणीत आहे, व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सेटिंग) चालू आहे म्हणून इन्स्टॉलरला दिसत नाही एवढंच. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आरएसटी ड्रायव्हर (इंटेलचा डिस्कसाठीचा ड्रायव्हर) घ्या, उघडून पेनड्राइव्हवर टाका आणि इन्स्टॉलरमध्ये लोड ड्रायव्हर करा. व्हीएमडी बंद करूनही भागतं, पण आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर नको, ते मग बूटच होणार नाही.

डिस्क दिसते पण लिहिताना मरते, तर लाइव्ह लिनक्सवरून (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) बूट करून स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. त्यातला ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न येणारे, बदलायच्या रांगेतले. १९७ वाढत असेल तर इन्स्टॉल राहू द्या बाजूला, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा, फॉरमॅट मारून बघू वगैरे अजिबात नको. १९९, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढतोय आणि बाकी दोन्ही शून्य, तर आधी साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) बदला, शे-दीडशे रुपयांचं काम, उगाच नवीन डिस्क घेऊ नका. फक्त केबल बदलल्यावर १९९ चा आकडा परत शून्य होत नाही, तो वाढायचा थांबला की झालं.