वंशवृक्ष संगणकावर मांडताना: कोतवाल बुकापासून जेडकॉमपर्यंत

जात पडताळणीच्या अर्जाला जोडली जाणारी वंशावळ म्हणजे पणजोबापासून अर्जदारापर्यंत उतरणारी पुरुषांची एक ओळ असते. सरकारी काम तेवढ्याने भागते. पण ज्या आज्या, आत्या आणि लेकी त्या कागदावर कधी आल्याच नाहीत, त्यांच्यासह घराणे मांडायचे असेल तर वंशावळीचे सॉफ्टवेअर वापरावे. ‘ग्रॅम्प्स’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या गावातही काम अडत नाही.

सुरुवात स्वतःपासून करून एकेक पिढी मागे जावे. प्रत्येक व्यक्तीची नोंद एकदाच करायची आणि तिला कुटुंबांशी जोडायचे, हा मुख्य नियम. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात तीच व्यक्ती दोन नात्यांनी येते, तेव्हा नवी नोंद न करता आधीचीच निवडावी. दुसरे लग्न किंवा पाट लागला असेल तर त्या जोडप्याचे वेगळे कुटुंब करावे. दत्तक मुलाला जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही कुटुंबांत ठेवून नात्याचा प्रकार नोंदवावा.

सर्वाधिक काळजी स्त्रियांच्या नावांची घ्यावी. माहेरची चंद्रभागा सासरी सरस्वती होते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक नाव आणि शेताच्या फेरफारात दुसरे, म्हणून घाईत तिच्या दोन स्त्रिया होतात. जन्मनाव मुख्य ठेवून सासरचे नाव पर्यायी नावांत लिहावे. दोन नोंदी झाल्याच असतील, तर वडील, गाव आणि लग्नाचा काळ जुळतो हे पाहून ‘मर्ज’ने त्या एक कराव्यात, नुसत्या नावावरून मात्र कधीच करू नयेत.

म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारू नये, प्रसंग विचारावा. ‘बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेव्हा मी रांगत होते’ असे आजीने सांगितले, की १९५६ च्या आसपासचा काळ हाती येतो. सॉफ्टवेअरमध्ये तारखेच्या आधी ‘अबाउट’ (सुमारे) किंवा ‘बिफोर’ (त्याआधी) लिहिता येते, तेव्हा अंदाजाला पक्क्या तारखेचे रूप देऊ नये. शाळेत गुरुजींनी लावलेली १ जुलै ही जन्मतारीखही तशीच सांभाळून घ्यावी. कागदावर शक साल असेल तर त्यात ७८ मिळवावेत; पौष ते फाल्गुन या महिन्यांत, इंग्रजी वर्ष बदललेले असल्यास, ७९.

कोतवाल बुकातील, म्हणजे गावच्या कोतवालाच्या नोंदवहीतील, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी तहसील कार्यालयातून नकलेच्या रूपात मिळवाव्यात. त्यांत बहुधा बाळाचे नाव नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. अशी नोंद चार भावांपैकी कोणाची, हे ठरेपर्यंत ती कोणालाही चिकटवू नये. प्रत्येक घटनेला तिचा स्रोत जोडून कागदाचा फोटो लावावा, आणि तोंडी माहिती असेल तर सांगणाऱ्याचे नाव व दिवस लिहावा.

ठिकाणाच्या नोंदीत गावाचा जिल्हा काळाप्रमाणे बदलता ठेवण्याची सोय आहे आणि विदर्भात ती फार उपयोगी पडते. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात आणि वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यात होते. १९५५ मध्ये तर हा सारा मुलूख मध्य प्रदेशात होता. गाव एकदाच नोंदवून त्यावर जिल्ह्याचा कालावधी टाकला, म्हणजे जुने दप्तर कोणत्या जिल्ह्याच्या नावाने शोधायचे हे कळते. बोरगाव, पिंपळगाव अशी नावे तालुक्या-तालुक्यांत असल्याने तालुका लिहिल्याशिवाय गाव नोंदवू नये.

काम झाले की फोटोंसह संपूर्ण प्रत पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी ठेवावी. नातेवाइकांना द्यायची असेल तर ‘जेडकॉम’ (GEDCOM) या वंशावळीच्या सामायिक फाइल-प्रकारात प्रत काढावी, ती इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडते. मात्र ती काढताना हयात व्यक्तींचा तपशील वगळण्याचा पर्याय निवडावा, कारण जन्मतारखा आणि आईचे माहेरचे नाव एकदा बाहेर गेले, की ते कुठवर पोहोचेल यावर आपला ताबा राहत नाही.