आज रात्री घरी कोण आहे?

दर वर्षी बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, नवे मेडिकल ऑफिसर येतात आणि पहिल्या-दुसऱ्या नाइटलाच मला फोन येतो, "मॅडम, औषध घेतलेली बाई आहे. आता स्टेबल आहे. सायकियाट्रीचं काय विचारू?" मराठवाड्यात 'औषध घेतलं' म्हणजे जीव द्यायला फवारणीचं विष घेतलं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी इथे एका सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे. रात्री अडीचला फोनवर जे तुटक-तुटक सांगते, तेच सलग लिहून ठेवते आहे. नातेवाइकांनी वाचलं तरी चालेल, डॉक्टर असलं काय विचारत बसतात ते कळेल.

आधी शरीर. सलाइन चालू आहे, डोळे मिटताहेत, जीभ जड आहे, अशा माणसाला "आता कसं वाटतंय?" विचारून केस पेपरवर 'जीव द्यायचे विचार नाहीत' लिहू नका. ते उत्तर त्याचं नाही, गुंगीचं आहे. पूर्ण शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारायचं. तोवर खाट सिस्टरांच्या टेबलासमोर, कोपऱ्यात पडद्याआड नको. आणि शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. मामा, मावशी, कुणीही चालेल, पण मोबाइलमध्ये डोकं घातलेला पुतण्या नको.

मग खोली रिकामी करायची. सोबतची माणसं एकच गोष्ट सांगतात, "खोकल्याचं औषध समजून चुकून घेतलं." पोलिसांची भीती असते, गावाची त्याहून जास्त. सासू उशाशी उभी असेल तर सूनही तेच सांगणार. मी सासूबाईंना म्हणते, "आजी, हा केस पेपर घेऊन खाली शिक्का मारून आणा." खिडकीवर रांग असते, वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांत पहिला प्रश्न मरणाचा नाही: "ताई, हे तुम्ही स्वतः घेतलं, की कुणी घ्यायला लावलं?" याचं उत्तर वेगळं आलं, तर पुढचा सगळा रस्ताच वेगळा. मग तिला त्याच घरी पाठवायचं नाही, सखी केंद्राला, म्हणजे छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला, कळवायचं.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडे तो हमखास असा विचारला जातो: "आता तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?" यात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरचा माणूस आपली सुटका करायला "नाही" म्हणतो. पायरी-पायरीनं उतरा. झोप लागते का? कधी असं वाटतं का, की झोपावं आणि सकाळी उठूच नये? जीव द्यावा असं मनात येतं? कसा, ते ठरवलं होतं? ती वस्तू घरात आहे? कुणाला सांगितलं होतं, काही आवराआवर केली होती, कुणाचे पैसे परत केले? आणि शेवटचा, ज्याला मी सगळ्यात जास्त वेळ देते: वाचलात, याचं आज काय वाटतंय? "बरं झालं" म्हणणारा आणि "उगाच आणलं" म्हणणारा, दोघांची नाडी, बीपी सारखंच असतं. कोलंबिया स्केल म्हणून जी प्रश्नावली वापरतात, तिची शिडीही साधारण अशीच आहे. विचारल्यानं डोक्यात कल्पना शिरते, ही भीती काढून टाका. बहुतेक लोक रडतात, आणि मग बोलतात.

विचारून झाल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आमच्या कॅज्युअल्टीत कुणालाच गप्प बसता येत नाही, मलाही नाही. "लेकरांचा तरी विचार करायचा होता" हे वाक्य घशाशी आलं तरी गिळा. लेकरांचा विचार तिनं आपल्यापेक्षा जास्त केलेला असतो.

माझी एक चूक सांगते. नवी असताना एका मोठ्या रुग्णालयात मी धोका मोजायचा एक तक्ता भरला होता. वय, लिंग, दारू, आधीचा प्रयत्न, गुणांची बेरीज, खाली 'लो रिस्क'. चाळिशीचा शेतकरी, शांत, हात जोडून घरी गेला. आठव्या दिवशी १०८ मधून परत आला. वाचला, पण मी तो तक्ता पुन्हा भरला नाही. 'सॅड पर्सन्स' नावाची ती गुणांची यादी १९८३ साली विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावी म्हणून केलेली होती. भविष्य सांगणं तिला जमत नाही, कुठल्याच यादीला जमत नाही. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं तर २०२२ च्या मार्गदर्शिकेत माणसांची लो, मीडियम, हाय अशी वाटणीच करू नका असं लिहिलं. 'धोका किती?' हा प्रश्न सोडून मी तेव्हापासून विचारते: आज रात्री घरी कोण आहे, आणि घरात काय आहे?

तोच शेतकरी दुसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सुरक्षिततेची योजना लिहिली, म्हणजे पुन्हा तसं मनात आलं तर काय करायचं ते. ही पद्धत स्टॅन्ली आणि ब्राउन या दोघांची, अमेरिकेतली, पण आपल्या कागदावर छान बसते. पेशंटच्याच शब्दांत लिहायची, आपल्या नाही. वादळ येतंय हे कशावरून कळतं? "पहाटे तीनला जाग येते आणि पतसंस्थेचा हप्ता डोक्यात फिरतो." तेव्हा एकट्यानं काय केलं की थोडं उतरतं? "गोठ्यात जातो. बैलाच्या पाठीवर हात फिरवला की बरं वाटतं." मी खूश होऊन लिहिणार, तेवढ्यात सिस्टरांनी विचारलं, "दादा, फवारणीचं औषध कुठं ठेवता?" गोठ्यात. आड्याला टांगलेल्या पिशवीत.

म्हणून योजनेतला शेवटचा मुद्दा मी आता सगळ्यात आधी घेते. औषध घरातून, गोठ्यातून, शेतातल्या खोपीतून बाहेर. भावाच्या घरी, कुलपात, किल्ली भावाकडे. 'लपवून ठेवू' हे उत्तर धरायचं नाही. घरातल्या माणसाला घरातली लपवायची जागा माहीत असते. आणि हे काम पेशंट घरी पोचण्याआधी व्हायला हवं, भावानं फोनवर "नेलं" म्हटल्याशिवाय मी डिस्चार्जवर सही करत नाही. उर्मीचा जोर बहुधा थोडा वेळ असतो, तेवढा वेळ वस्तू हाताशी नसली की खूपदा माणूस तरून जातो. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी गावात कुलूपबंद पेट्यांची सामायिक खोली करून हाच प्रयोग केला होता.

बाकीचे मुद्दे भराभर होतात: कुणाजवळ जाऊन नुसतं बसता येईल, कुणाला खरं सांगता येईल, त्यांचे नंबर, आणि टेली मानसचा १४४१६. तो रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. लिहिता-वाचता येत नसेल तर त्याच्याच मोबाइलवर नंबर सेव्ह करून एकदा लावून दाखवा.

घरी कोणी नाही, ठरवलेली रीत अजून मनात आहे, कानात आवाज येऊन 'मर' म्हणताहेत, खाणं-पिणं सुटलंय, यांतलं काहीही असेल तर कागद राहू द्या. भरती करा.

दुसऱ्या प्रकारची रात्र म्हणजे टेम्पोतून कासऱ्यानं बांधून आणलेला माणूस. "डोक्यावर परिणाम झालाय, थेट येरवड्याला पाठवा." थांबा. शुगर, ताप, ऑक्सिजन, डोक्याला मार. मग एकच प्रश्न: दारू शेवटची कधी? मागच्या आषाढीला असाच एक आला. माळ घातली, तीन दिवसांपूर्वी दारू एकदम सोडली, आणि आता चादरीवर मुंग्या वेचत होता. हे वेड नाही, बाहेरचंही नाही. दारू तुटल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत येणारा हा झटका जीव घेऊ शकतो. त्याला लोराझेपाम, डायझेपाम अशी शांत करणारी औषधं लागतात, आणि ग्लुकोज द्यायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. खरंच मनोविकृतीचा उद्रेक असेल आणि बोलून भागत नसेल, तर हॅलोपेरिडॉलसोबत प्रोमेथाझिन. वेल्लोरच्या चाचणीत नुसत्या लोराझेपामपेक्षा त्यानं माणूस लवकर शांत झाला होता.

पण आधी बोलून बघाच. एकानंच बोलायचं, आवाज खाली, दोन हात अंतर, दार आपल्या पाठीशी, त्याचाही रस्ता मोकळा. 'अहो' म्हणा. बांधून आणलेल्या माणसाला दिवसभरात कुणी 'अहो' म्हटलेलं नसतं. मग पाणी द्या, आणि दोरी सोडायची वेळ त्यालाच सांगा.

कायद्याचं थोडक्यात, कारण नातेवाईक त्यातच अडकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, जबाब होतो, तेवढं सांगून भीती कमी करा. साखळदंड कायद्यानं पूर्ण बंद. कलम ९४ प्रमाणे तातडीचे उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत देऊ शकतो, पेशंटचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. म्हणजे "मॅडम सकाळी येतील तेव्हा बघू" हे कायद्यातही बसत नाही.

घरी गेल्यावर फोन. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच ठिकाणी १,८६७ जणांवर पाहिलं होतं: एक तासाची भेट आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतरानं चौकशी. चौकशी झालेल्या गटात आत्महत्येनं दोघं गेले, नेहमीचेच उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात अठरा. आमच्याकडे सिस्टर फोन करतात, दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. "जेवलात का? बैल कसे आहेत?" एवढंच विचारतात, आणि मग "रात्री जाग येते का?" फोन उचलला नाही तर भावाला, तिथेही नाही तर गावच्या आशाताईंना. आशाताईंचा नंबर पहिल्याच रात्री केस पेपरवर घेऊन ठेवा. सकाळी सगळ्यांना एसटी गाठायची असते.